फोन वॉशिंग्टनला करावा की हॅरिसबर्गला?

वाचकाचं पत्र

“आम्ही पेनसिल्व्हेनियात, बक्स काउंटीत राहतो. मुलगी तिसरीत आहे. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर वर्गातले दिवे घालवून, दार आतून बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव शाळेत परत एकदा झाला. रात्री झोपताना ती विचारत होती, ‘तेव्हा शिंक आली तर काय करायचं?’ त्याच आठवड्यात मी तीन लोकप्रतिनिधींना ईमेल केले, ‘हाउस बिल 714 ला पाठिंबा द्या’ म्हणून. एका ठिकाणाहून छापील साच्यातलं उत्तर आलं, दोन ठिकाणांहून काहीच नाही. मंडळात विषय काढला तर एक काका म्हणाले, ‘रिपब्लिकनांना लिहून काय होणार, ते पक्षाबाहेर जात नाहीत.’ दुसऱ्या म्हणाल्या, ‘डेमोक्रॅटांना लिहून काय होणार, ते आधीच आपल्या बाजूचे.’ मग लिहायचं तरी कुणाला? माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नवरा सिटिझन आहे. भाऊ न्यू जर्सीत एडिसनला एच-वन-बीवर आहे, तोही फोन करायला तयार आहे. मंडळाचा मोठा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे पत्राचा मसुदा टाकू का?”

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या ईमेलचं काय झालं असेल ते सांगतो. हाउस बिल 714 हे 2023-24 च्या सत्रातलं, बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी आधी तपासण्याची व्याप्ती वाढवणारं विधेयक. पेनसिल्व्हेनियाच्या हाउसने, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाने, ते 22 मे 2023 ला 109 विरुद्ध 92 मतांनी मंजूर केलं. राज्याच्या सिनेटने ते मतदानाला घेतलंच नाही. पेनसिल्व्हेनियात सत्र दोन वर्षांचं असतं आणि सम वर्षाच्या 30 नोव्हेंबरला संपतं. तोवर पूर्ण न झालेली सगळी बिलं तिथेच संपतात आणि नव्या सत्रात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणजे आज 714 हा क्रमांक भलत्याच विषयाच्या बिलाला मिळालेला असणार. शिवाय ‘हाउस बिल’ हे हॅरिसबर्गचं, म्हणजे राज्याच्या राजधानीतलं नाव. वॉशिंग्टनच्या हाउसमधलं बिल ‘एच. आर.’ या अक्षरांनी ओळखलं जातं. तुमच्या तीन ईमेलपैकी एखादा वॉशिंग्टनला गेला असेल, तर तिथल्या कर्मचाऱ्याला तो कुठल्या खात्यात टाकावा हेच कळलं नसेल. हळहळ पोचली, मागणी पोचली नाही. त्यामुळे लिहिण्याआधी दर वेळी चालू सत्रातला क्रमांक काढायचा. राज्याचा पीएलेजिस डॉट यूएसवर मिळतो, केंद्राचा काँग्रेस डॉट गव्हवर. पाच मिनिटांचं काम आहे.

आता काका आणि काकू. दोघांच्याही डोक्यात आपल्याकडचं चित्र आहे. भारतात 1985 पासून पक्षांतरबंदी आहे. व्हिप मोडून मत दिलं तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते, म्हणून एकट्या आमदाराला पत्र लिहून त्याचं मत वळवणं ही कल्पनाच आपल्याला हास्यास्पद वाटते. अमेरिकेत असा कायदा नाही. व्हिप इथेही असतो, पण तो फार तर मतं मोजतो आणि गळ घालतो, जागा काढून घेऊ शकत नाही. पक्ष शिक्षा करतो ती वेगळ्या मार्गाने: चांगली समिती देत नाही, निषेधाचा ठराव करतो, पुढच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवायच्या पक्षांतर्गत निवडणुकीत, कुणाला तरी समोर उभं करतो. ही शिक्षा खरी असते. पण ती लगेच होत नाही आणि दर वेळी लागू पडतेच असंही नाही. मतदारांच्या फोनला जागा मिळते ती याच फटीत.

बंदुकीच्या प्रश्नावर ही फट किती रुंद आहे, हे मतांच्या नोंदीत दिसतं. सँडी हुक शाळेत डिसेंबर 2012 मध्ये 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर खरेदीपूर्व तपासणी वाढवणारी दुरुस्ती सिनेटमध्ये आली, ती तुमच्याच राज्याचे रिपब्लिकन पॅट टूमी आणि वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट जो मँचिन यांच्या नावाने. 17 एप्रिल 2013 ला तिला 54 मतं मिळाली, हवी होती 60. टूमींसह चार रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं, तर मोंटाना, अलास्का, नॉर्थ डकोटा आणि आर्कान्सा या राज्यांच्या चार डेमोक्रॅटांनी विरोधात. (बहुमताचे नेते हॅरी रीड यांचंही मत विरोधात नोंदलं गेलं, पण ते विषय पुन्हा आणता यावा यासाठीची कामकाजातली खेळी होती.) पुढे काय झालं तेही बघा. अलास्का आणि आर्कान्साचे ते दोघे जागा वाचवायला विरोधात गेले आणि 2014 मध्ये हरलेच. टूमी 2016 मध्ये पुन्हा निवडून आले. एका मतामुळे कुणी जिंकलं किंवा हरलं असं म्हणता येत नाही, पण ‘पक्षाबाहेर गेला की संपला’ हा मंडळातला सिद्धांत मात्र टिकत नाही.

2022 मध्ये बफेलो आणि युव्हाल्डी इथल्या हत्याकांडांनंतर जवळजवळ तीन दशकांतला पहिला मोठा केंद्रीय बंदूक कायदा झाला. सिनेटमध्ये 65 विरुद्ध 33, त्यात 15 रिपब्लिकन. हाउसमध्ये 234 विरुद्ध 193, त्यात 14 रिपब्लिकन. त्या चौदांत बक्स काउंटीचे ब्रायन फिट्झपॅट्रिक होते. महिन्याभरात हाउसने असॉल्ट वेपनवर, म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवर, बंदीचं बिल 217 विरुद्ध 213 ने मंजूर केलं. (सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही.) बाजूने मत देणारे रिपब्लिकन दोनच, फिट्झपॅट्रिक आणि बफेलो परिसराचे ख्रिस जेकब्ज. जेकब्ज यांनी बंदीला पाठिंबा जाहीर केल्यावर पक्षातून इतका दबाव आला की त्यांनी फेरनिवडणुकीतूनच माघार घेतली होती. त्याच मतदानात पाच डेमोक्रॅट विरोधात गेले. त्यांच्यापैकी मेनचे जॅरेड गोल्डन यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये लुइस्टनला 18 माणसं मारली गेल्यावर जाहीर माफी मागून भूमिका बदलली. तेव्हा काकांना सांगा, तुमच्या घराचा पत्ता ज्या काँग्रेसमनच्या मतदारसंघात आहे तो रिपब्लिकन याच विषयावर पक्षाबाहेर गेलेला आहे. आणि काकूंना सांगा, डेमोक्रॅट म्हणजे होकार असं गृहीत धरू नका. 22 मे 2023 लाच हॅरिसबर्गमध्ये बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर ती पोलिसांना कळवण्याची सक्ती करणारं बिल 100 विरुद्ध 101 ने पडलं. सभागृहात बहुमत डेमोक्रॅटांचं होतं. ते बिल त्यांच्याच एका सदस्याच्या मताने अडलं, आणि तो ग्रामीण मतदारसंघातून आलेला होता.

यामागे बेइमानी असतेच असं नाही. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी अनेक गावांत शाळांना सुट्टी असते, कारण हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू झालेला असतो. तिथे आजोबांची रायफल नातवाकडे येणं ही घरची गोष्ट मानतात. शिवाय राज्याच्या संविधानाच्या पहिल्या प्रकरणातलं 21 वं कलम सांगतं की स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगण्याच्या नागरिकांच्या हक्काला प्रश्न विचारला जाणार नाही. भारतात शस्त्र म्हणजे आधी परवाना, पोलीस आयुक्तालय किंवा जिल्हाधिकारी कार्यालय, कारणं दाखवा. इथे हक्क आधी आणि अट नंतर. हा फरक लक्षात न घेता लिहिलेलं पत्र पहिल्या परिच्छेदातच बाहेरच्या माणसाचं वाटतं.

मग लिहायचं कुणाला? पक्ष बघू नका, अडलंय कुठे ते बघा. केंद्रात हाउसने मंजूर केलं तरी सिनेटमध्ये चर्चा थांबवायला 60 मतं लागतात, आणि कुठल्याही एका पक्षाकडे तेवढी सहसा नसतात. राज्यात तपासणीचं बिल आणि रेड फ्लॅगचं बिल, म्हणजे धोकादायक ठरलेल्या माणसाकडून कोर्टाच्या आदेशाने काही काळ बंदूक काढून घेण्याचं, ही दोन्ही 2023 मध्ये हाउसमधून बाहेर पडली (रेड फ्लॅग 102 विरुद्ध 99 ने) आणि सिनेटमध्ये अडकली. राज्य सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकनांचं. बिल समितीतून काढायचं की नाही हे समितीचा अध्यक्ष ठरवतो, आणि मतदानाला आणायचं की नाही हे बहुमताचा नेता. म्हणून तुमची सगळ्यात कामाची व्यक्ती कदाचित ती असेल जिचं नावही तुम्हाला आत्ता आठवणार नाही: तुमचा राज्य सिनेटर.

आकड्यांचा हिशोबही त्याच बाजूने आहे. काँग्रेसमनच्या मतदारसंघात सुमारे 7 लाख 64 हजार लोक. राज्य सिनेटरच्या मतदारसंघात 2 लाख 60 हजार. राज्य हाउसच्या सदस्याकडे जेमतेम 64 हजार. केंद्रातला सिनेटर तर अख्ख्या राज्याचा, 1 कोटी 30 लाखांचा. वॉशिंग्टनमध्ये वीस फोन म्हणजे एखादी साधी मंगळवारची दुपार. राज्य सिनेटरच्या स्थानिक कार्यालयात एकाच बिलावर एका आठवड्यात वीस वेगवेगळ्या घरांतून फोन आले, तर ते वरपर्यंत सांगितलं जातं.

टाउनशिपला मात्र लिहू नका. पेनसिल्व्हेनियात बंदुकीचे नियम करायचा अधिकार फक्त राज्याला आहे, गावांना आणि शहरांना नाही. फिलाडेल्फियाने तो मिळवायला कोर्टात बराच झगडा केला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा नाही म्हटलं. तुमच्या टाउनशिप सुपरवायझरला सहानुभूती असेल, पण त्याच्या हातात काही नाही.

आता प्रत्येकाकडे मागायचं काय. ज्याने आधीच बाजूने मत दिलंय त्याला ‘पाठिंबा द्या’ म्हणणं म्हणजे आपण त्याची नोंद वाचली नाही हे सांगणं. त्याचे आधी आभार माना, त्या मताची तारीख सांगून. असे फोन फार कमी येतात. त्याच मताबद्दल शिव्या देणारे भरपूर. मग पुढची पायरी मागा: चालू सत्रातल्या बिलावर सहप्रायोजक म्हणून नाव घालाल का? केंद्रातल्या हाउससाठी आणखी एक मागणी आहे, डिस्चार्ज पिटिशन. बिल समितीत 30 कामकाजी दिवस पडून राहिलं तर 218 सदस्यांच्या सह्यांनी ते अध्यक्षांच्या इच्छेविरुद्धही सभागृहात आणता येतं. सही कुणी केली हे जाहीर असतं, त्यामुळे ‘मी मनातून बाजूने आहे’ असं सांगणाऱ्याची परीक्षा इथे होते.

जो विरोधात आहे किंवा गप्प आहे, त्याच्याकडे एकदम मत मागू नका, त्याहून लहान गोष्ट मागा: समितीत सुनावणी घ्यायला अध्यक्षांना सांगाल का? सुनावणीला हो म्हटल्याने बंदूक संघटनांकडचं कुणाचं रेटिंग घसरत नाही, म्हणून ती मागणी नाकारणं अवघड जातं. आणि दाखला द्या तो त्याच्या पक्षातला. पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेल्यावर फ्लोरिडाने 9 मार्च 2018 ला रेड फ्लॅग, तीन दिवस थांबण्याची अट आणि खरेदीला 21 वर्षं वय, हे सगळं कायद्यात आणलं. विधिमंडळ रिपब्लिकन, सही करणारे गव्हर्नर रिक स्कॉटही रिपब्लिकन. डेमोक्रॅटांच्या मॅसॅच्युसेट्सचं उदाहरण देऊन तुम्ही रिपब्लिकन सिनेटरला फक्त सुटायची वाट दाखवता.

फोनवर काय बोलायचं, ते चार वाक्यांत बसवा. पहिलं: नाव, टाउनशिप, झिप कोड, आणि ‘मी तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये राहते’. दुसरं: बिलाचा चालू क्रमांक आणि बाजूने की विरोधात. तिसरं: एकच स्वतःचं कारण. शिंकेचं वाक्य तुमच्याकडे आहे, त्यापुढे कुठलीही आकडेवारी फिकी आहे; पण मुलीचं नाव आणि शाळेचं नाव सांगू नका. चौथं: मागणी, आणि ‘यावर त्यांची भूमिका आज काय आहे?’ हा प्रश्न. चाळीस सेकंद पुरे. पलीकडे बहुतेक वेळा एखादा इंटर्न किंवा तरुण कर्मचारी असतो. तो वाद घालायला बसलेला नाही. तो पत्ता, विषय, बाजूने-विरोधात एवढं संगणकात भरतो. त्याला ऐकवत बसलात तर नोंद एकच होते आणि त्याचा मूड जातो. वॉशिंग्टनसाठी कॅपिटॉलचा स्विचबोर्ड 202-224-3121 आहे, सदस्याचं नाव सांगितलं की जोडून देतात. इंग्रजीत फोनवर बोलायचं दडपण येत असेल तर संध्याकाळी सातनंतर करा आणि व्हॉइसमेलवर वाचून दाखवा. तोही मोजला जातो, फक्त पत्ता पूर्ण सांगायचा.

ईमेल वेबसाइटवरच्या फॉर्ममधूनच करा, कारण फॉर्म पत्ता तपासतो आणि विषयाप्रमाणे योग्य माणसाकडे पाठवतो. विषयाच्या यादीत बंदुकीचा रकाना निवडा. घाईत ‘इतर’ निवडलं की पत्र ढिगात. दोनशे शब्दांच्या वर जाऊ नका. पहिल्या ओळीत बिल आणि भूमिका, शेवटच्या ओळीत एकच मागणी. आणि कागदी पत्र कॅपिटॉलला पाठवू नका: 2001 मधल्या अँथ्रॅक्सच्या पाकिटांपासून तिथलं टपाल आधी बाहेर तपासलं जातं आणि आठवडे मोडतात. लिहायचंच असेल तर बक्स काउंटीतल्या स्थानिक कार्यालयाच्या पत्त्यावर.

पत्र कचऱ्यात जाण्याची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे तपशील चुकवणं. ‘पेनसिल्व्हेनियात कुणीही तपासणीशिवाय बंदूक घेऊ शकतो’ असं लिहिलंत तर कर्मचारी तिथेच थांबेल, कारण ते खोटं आहे. दुकानदाराकडून घेतलेल्या प्रत्येक बंदुकीची राज्य पोलिसांच्या यंत्रणेतून तपासणी होते. हँडगन खासगी व्यवहारात विकायची तरी दुकानदाराकडे किंवा शेरीफच्या कार्यालयात जावं लागतं, अगदी जवळच्या नातेवाइकांमधली देवघेव सोडून. राहिलेली फट आहे ती लांब बंदुकांची. रायफल किंवा शॉटगन एका माणसाने दुसऱ्याला थेट विकली तर तपासणी नाही. 714 ने बुजवायची होती ती हीच. एवढं नेमकं लिहिलंत की पत्र वेगळं उठून दिसेल. तसंच ‘ऑटोमॅटिक’ आणि ‘सेमी-ऑटोमॅटिक’ यांची गल्लत करू नका. चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात ती मशीनगन, तिच्यावर 1934 पासून कडक नियंत्रण आहे आणि 1986 नंतर बनवलेली सामान्य माणसाला घेताच येत नाही. एका चापाला एक गोळी ती सेमी-ऑटोमॅटिक, वाद तिच्याबद्दल आहे. आणि एआर-15 मधलं ‘एआर’ हे आर्मालाइट या कंपनीच्या नावातून आलंय, असॉल्ट रायफलमधून नाही. ही चूक बघायला काही लोक टपूनच बसलेले असतात.

समोरून दोन आक्षेप हमखास येतील. एक, ‘तपासणी म्हणजे उद्या बंदुकांची यादी, परवा जप्ती.’ केंद्र सरकारला बंदूकमालकांची नोंदवही करायला 1986 च्या कायद्याने बंदी आहे, एवढं सांगा. दुसरा, ‘रेड फ्लॅगमध्ये माणसाचं म्हणणं न ऐकता बंदूक काढून घेतात.’ हा आक्षेप उडवून लावू नका, त्यात दम आहे. आधी अंतरिम आदेश, मग ठराविक दिवसांत दोन्ही बाजूंची सुनावणी, अशी रचना बिलात आहे का ते स्वतः वाचा आणि त्या कलमाचा उल्लेख करा. न्यायालयाने धोकादायक ठरवलेल्या माणसाकडून तात्पुरती बंदूक काढून घेणं संविधानात बसतं, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी म्हटलं. तो खटला घरगुती हिंसेच्या आदेशाचा होता, रेड फ्लॅगचा नव्हता. तेवढा फरक ठेवूनच सांगा.

आता तुमच्या घरातल्यांचं. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात म्हणून गप्प बसायचं कारण नाही. सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क पहिल्या घटनादुरुस्तीत ‘लोकांचा’ म्हटलाय, आणि मतदारसंघाची लोकसंख्या मोजताना तुम्हालाही मोजतात. कार्यालय पत्ता विचारतं, इमिग्रेशनचं स्टेटस नाही. पण एक शब्द कटाक्षाने टाळा: ‘तुमची मतदार’. बोलण्याच्या ओघातही नको, लेखी तर अजिबात नको. मतदार म्हणजे सिटिझन, आणि सिटिझन असल्याचा खोटा दावा पुढे नागरिकत्वाच्या वेळी महागात पडू शकतो. ‘रहिवासी’ म्हणा, पुरेसं आहे. त्याच कारणाने ‘पुढच्या वेळी मत देणार नाही’ ही ओळ तुमच्यासाठी नाही. ती नवऱ्याला लिहू द्या. तो कुठल्या पक्षाखाली नोंदलेला आहे याला इथे वजन असतं, कारण पेनसिल्व्हेनियात प्रायमरीत फक्त त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदार मत देतात. रिपब्लिकन सिनेटरला खरी भीती बऱ्याचदा नोव्हेंबरची नसते, प्रायमरीची असते. नोंदलेला रिपब्लिकन असेल तर त्याने ते पत्रात पहिल्याच ओळीत सांगावं. नसेल तर गप्प राहावं, खोटं सांगू नये. नोंदणी तपासता येते.

भावाने पेनसिल्व्हेनियाला फोन करू नये. दुसऱ्या मतदारसंघातला फोन मोजत नाहीत, आणि असे बरेच आले की ‘बाहेरून मोहीम चाललीय’ असा शिक्का तुमच्याही फोनवर बसतो. त्याने एडिसनच्या आपल्या प्रतिनिधींना करावा. पण एच-वन-बीवर असताना कुठल्याही उमेदवाराला एक डॉलरही देऊ नये. परदेशी नागरिकांना निवडणुकीची देणगी द्यायला बंदी आहे. ग्रीन कार्डधारकाला मुभा आहे. फोन केल्यावर देणगीची ईमेलं सुरू होतात, त्यातल्या बटणावर सवयीने बोट जातं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

भाषेबद्दल एक. मराठीत रागावून ‘सोडणार नाही’, ‘बघून घेऊ’, ‘यांना धडा शिकवायला हवा’ असं आपण रोज म्हणतो. त्याचं शब्दशः इंग्रजी करून ते बंदुकीच्या विषयावर लोकप्रतिनिधीच्या व्हॉइसमेलवर गेलं, तर पलीकडचा माणूस ती धमकी समजून कॅपिटॉल पोलिसांकडे पाठवू शकतो. राग चालेल, धमकीसारखं वाटेल असं एकही क्रियापद नको.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मसुदा टाकू नका. मुद्दे टाका. शंभर जणांनी एकच मजकूर चिकटवला की सॉफ्टवेअर ते सगळे एकत्र बांधतं आणि शंभर जणांना एकच छापील उत्तर जातं. तुम्हाला आलेलं साचेबंद उत्तरही बहुधा असंच. त्याऐवजी चालू बिलाचा क्रमांक, आपला राज्य सिनेटर शोधायची लिंक, आणि ‘पहिला परिच्छेद स्वतःचा लिहा’ एवढंच टाका. मंडळाच्या लेटरहेडवर काही पाठवायचं असेल तर कमिटीत ठराव करून. मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर एखाद्या विधेयकावर मर्यादित प्रमाणात बोलायला परवानगी असते, पण उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध अजिबात नाही. गणपतीच्या स्टेजवरून कुणा उमेदवाराचं नाव घेतलं तर करसवलत धोक्यात येते, मग पुढच्या वर्षी हॉलचं भाडं सोडा, वकिलाची फी भरावी लागेल.

आणि मंडळात विरुद्ध मताचे लोक असणार, हे धरून चाला. मोटेल किंवा गॅस स्टेशन चालवणारे आपले काहीजण काउंटरखाली बंदूक ठेवतात आणि त्यामागे त्यांचे अनुभव असतात. त्यांच्याशी ग्रुपवर वाद घालण्याऐवजी एकेकाला फोन करून विचारा, ‘तपासणी तुम्ही दिलीच होती ना? मग खासगी रायफल घेणाऱ्याने का देऊ नये?’ त्यातल्या एकाने जरी ‘मी बंदूक बाळगतो आणि मला ही तपासणी हवी आहे’ असं चार ओळींत लिहिलं, तर ते पत्र आमच्या मते तुमच्या-आमच्यासारख्यांच्या दहा पत्रांइतकं आहे.

उत्तर यायला तीन ते सहा आठवडे धरा. आलं की त्यातली क्रियापदं बघा. ‘मी सहप्रायोजक आहे’, ‘मी मत दिलं’, ‘मी मत देणार नाही’ ही माहिती. ‘तुमच्या भावना लक्षात ठेवीन’, ‘सेकंड अमेंडमेंटचा (शस्त्र बाळगण्याच्या हक्काच्या घटनादुरुस्तीचा) आदर राखून सुरक्षिततेसाठी काम करत राहीन’ ही माहिती नाही. अशा वेळी त्याच उत्तराचा हवाला देऊन दुसरं पत्र लिहा, दोनच ओळींचं: या क्रमांकाच्या बिलावर सुनावणी व्हावी असं सिनेटरांना वाटतं का, हो किंवा नाही? तेही टोलवलं तर स्थानिक कार्यालयात भेट मागा. चार-पाच जण, सगळे त्याच मतदारसंघातले, बोलणारा एक, वेळ पंधरा मिनिटं, एका पानाचं टिपण. सिनेटरऐवजी कर्मचारी भेटला तर नाराज होऊ नका. या विषयावरचं टिपण सिनेटरपुढे तोच ठेवणार आहे. त्याचं नाव आणि थेट ईमेल मागून घ्या, पुढचं सगळं त्यालाच लिहायचं.

मतदान झालं की चार दिवसांच्या आत पुन्हा एक फोन करा, मत कुठल्याही बाजूने पडलेलं असो. तुमच्या बाजूचं असेल तर आभार, नसेल तर ‘मत पाहिलं, निराशा झाली, सुनावणीची मागणी कायम आहे’ एवढंच. पुढच्या सत्रात बिलाला नवा क्रमांक मिळाला की तुमचं नाव त्या कार्यालयाच्या संगणकात आधीपासून असेल.